बार्शी-भूमच्या वाटेवर

मुंबईहून रात्री सुटलेली लातूर एक्सप्रेस पहाटेच्या अंधारात बार्शी टाउनला पोहोचते. स्टेशनाबाहेर एकाच टपरीवर दिवा जळत असतो आणि चहावाला पहिल्या गिऱ्हाइकासाठी आलं ठेचत असतो. या वाटेने आम्ही पोरवयापासून येतो. तेव्हा इथे बार्शी लाईट होती. अडीच फुटी रुळांवरची ही छोटी गाडी १८९७ साली सुरू झाली. चढाला ती इतकी दमायची की पोरे खाली उतरून बोरे वेचत आणि पळत जाऊन पुन्हा डबा गाठत, असे आमचे वडील सांगायचे. खरेखोटे त्यांना ठाऊक. आता रूळ रुंद झाले, गाडी लांबलचक झाली. पण बार्शीच्या पुढे भूमकडे जायचे तर एसटीच धरावी लागते, आणि तिची वाट पाहावीच लागते.

या खेपेला आमच्यासोबत सौ. होत्या. २०२४ च्या सप्टेंबरचे शेवटचे दिवस, रजा तीनच दिवसांची. निमित्त सांगितल्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही, म्हणून ते आधी सांगतो.

आमची थोरली बहीण, आक्का, भूम तालुक्यात दिली होती. २०१७ साली ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेली. वय बावन्न. तिची मुलगीही त्याच तालुक्यातल्या एका गावात नांदते. वय बत्तीस, दोन लेकरे, नवराबायको दोघेही दुसऱ्याच्या शेतात. ऑगस्टात तिचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर हसत म्हणाली, ‘मामा, माझी कॅन्सरची तपासणी झाली म्हनं. आशाताईच्या मोबाईलवर तसं दिसतंय. मला तर कुणी हात बी लावला न्हाई.’

ती हसली. आम्हाला हसू आले नाही.

त्याचे कारण आक्काची नोंद. पाळी जाऊन तीन वर्षे झाल्यावर आक्काच्या अंगावर पुन्हा जाऊ लागले होते. तिने ते एका सरकारी दवाखान्यात जाऊन सांगितले होते. दवाखान्याचे नाव देत नाही, त्या माणसांशी आता आमचे भांडण नाही. ती गेल्यावर कागदपत्रांसाठी आम्ही तिथे गेलो आणि ती नोंदवही आमच्या हातात आली. आमचा पेशा कारकुनाचा. बी.कॉम. झालो तेव्हापासून रकाने भरण्यातच दिवस चालले आहेत. त्यामुळे कोणतीही वही उघडली की नजर आपसूक शेवटच्या रकान्याकडे जाते. आक्काचे नाव होते, वय होते. तक्रार स्वच्छ अक्षरात लिहिली होती: ‘पाळी गेल्यानंतर रक्तस्राव’. त्यापुढे ‘पुढील तपासणीस पाठविले’. त्यापुढचा रकाना कोरा.

चौदा महिने तो कोरा राहिला होता. चौदा महिन्यांनी आक्का सोलापूरला दाखल झाली तेव्हा रोग ओटीपोटभर पसरला होता. तिला कोणी हाकलून दिले नव्हते, की वाईट बोलले नव्हते. रीतसर ‘पाठविले’ होते. ती पोहोचली की नाही, हे विचारायला मात्र कोणी गेले नाही. आम्ही मुंबईत बसून होतो, आम्हीही विचारले नाही. तेही इथे लिहून ठेवतो.

आता तिच्याच मुलीच्या नावापुढे, न झालेली तपासणी झाली म्हणून लागली होती. वही जाऊन मोबाईल आला होता, एवढाच फरक. म्हणून आम्ही निघालो.

बार्शीच्या स्टँडवर भूमच्या गाडीला दीड तास होता. बार्शी बाहेरच्यांना ठाऊक आहे ती ज्वारी-तुरीच्या अडतीसाठी आणि भगवंताच्या देवळासाठी. पण कर्करोगाच्या अभ्यासात हे गाव जगभर ओळखले जाते, ही गोष्ट इथल्या कितीतरी माणसांना माहीत नाही. नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाचे डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांत कर्करोगाची नोंदणी सुरू केली. गावखेड्यांसाठीची अशी नोंदणी देशात ही पहिली. ३४६ गावे त्यात होती.

शहरात असली नोंदणी त्या मानाने सोपी असते. रुग्णालयांतून फिरावे, केसपेपर पाहावेत, उतरवून घ्यावे. इथे माणूस रुग्णालयापर्यंत येतच नव्हता. बाई घरातच मरायची आणि ‘पोटाच्या दुखण्यानं गेली’ म्हणून गोष्ट मिटायची. तेव्हा नोंद करणारेच गावोगाव निघाले. गावातल्या जाणत्या माणसांना भेटायचे, लोक जमवायचे, कोणत्या खुणांना घाबरून लपवायचे नाही ते सांगायचे, संशय आला तर त्या बाईला दवाखान्यापर्यंत यायला राजी करायचे, आणि काही दिवसांनी पुन्हा त्याच गावात जायचे. नोंदणी म्हणजे मोजणी, असे आम्ही कारकून लोक समजतो. इथे मोजता मोजता माणसे लवकर येऊ लागली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बाया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात येत आहेत, असे याच मंडळींच्या १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तेव्हा कुणाच्या हातात मोबाईल नव्हता.

पुढे १९९९ पासून त्या वेळच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात फार मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया, गावांचे ५२ गट. काही गटांत एचपीव्ही या विषाणूची चाचणी, काहींत पेशींची म्हणजे पॅप तपासणी, काहींत ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची तपासणी, आणि उरलेले गट तुलनेसाठी ठेवलेले. आठ वर्षे पाठपुरावा केला. २००९ साली निष्कर्ष छापून आला. विषाणूची चाचणी झालेल्या ३४,१२६ बायांत या रोगाने ३४ गेल्या. काहीच तपासणी न मिळालेल्या ३१,४८८ बायांत ६४ गेल्या. म्हणजे आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मरण निम्म्यावर आले. आज जगातले देश विषाणूच्या चाचणीकडे वळत आहेत, त्याच्या मुळाशी आपल्या जिल्ह्यातल्या या कष्टकरी बाया आहेत.

पण ६४ हा आकडा आमच्या घशाखाली उतरत नाही. तुलनेच्या गटातल्या बायांना तपासणी द्यायला हवी होती, अशी टीका पुढे देशात आणि परदेशातही झाली. अभ्यास करणाऱ्यांनी तिला उत्तरे दिली. तेव्हा सरकारी दवाखान्यात ही तपासणी कुणालाच मिळत नव्हती, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. तरी एवढे म्हणावेसे वाटते की, ज्या जिल्ह्याने जगाला हे शिकवले, त्या जिल्ह्यातल्या प्रत्येक बाईचा त्या चाचणीवर पहिला हक्क असायला हवा होता. आक्का त्याच जिल्ह्यात, पुढे कितीतरी वर्षांनी गेली.

मुंबईच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. डोळ्यांनी पाहण्याची जी तपासणी उस्मानाबादेत एकदाच केली गेली, तिने तिथे मरणे ठळकपणे कमी झाली नाहीत. तीच तपासणी टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या झोपडवस्त्यांत केली. वस्तीतल्याच, दहावीपर्यंत शिकलेल्या बायांना शिकवून त्यांच्या हातून केली, आणि दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या केल्या. तिथे या रोगाची मरणे ३१ टक्क्यांनी कमी झाली. दोन्ही ठिकाणच्या फरकाची कारणे डॉक्टर लोक अनेक सांगतील. आमच्या कारकुनी डोक्यात एकच बसले: चार वेळा त्याच दारात जाणे.

गाडी आली. खिडकीची जागा सौंना दिली.

बार्शी सोडली की थोड्याच वेळात जमीन उंचसखल होऊ लागते आणि बालाघाटच्या टेकड्या दिसू लागतात. दोन्ही अंगांना पिवळे पडलेले सोयाबीन उभे होते. कुठे काढणी सुरू होती आणि बायांच्या ओळी वाकून पुढे सरकत होत्या. कंडक्टर सौंना खव्याच्या भट्ट्या दाखवत होता. भूमचा खवा नामांकित आहे, परतताना घ्या म्हणाला. आम्ही मात्र त्या ओळींकडे पाहत होतो. काढणीच्या दिवसांत तपासणीसाठी एक दिवस मोडायचा म्हणजे त्या दिवसाची मजुरी सोडायची. मुंबईत बसून ‘बायका तपासणीला का येत नाहीत’ असे विचारणे सोपे आहे.

भाचीच्या गावाचे नाव देत नाही, कारण तिथल्या भगिनींच्या खासगी गोष्टी पुढे येणार आहेत. घरी पोहोचलो तेव्हा ती कामावर होती. तिची चुलत जाऊ चुलीशी होती आणि आशाताई नेमक्या त्याच वेळी अंगणात आलेल्या. चाळिशीच्या बाई, पाठीला सॅक, गळ्यात कंबर मोजायची टेप, हातात काच तडकलेला मोबाईल. आम्ही मामा आहोत कळल्यावर त्यांनी आढेवेढे न घेता काम कसे चालते ते दाखवले.

तिशीच्या वरच्या प्रत्येक बाई-माणसासाठी एक प्रश्नावली असते. तिला सीबॅक म्हणतात. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, अंगमेहनत, आणि आईबाप-भावंडांत रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार आहे का, यांना गुण असतात. बेरीज चारच्या वर गेली तर त्या माणसाला आधी तपासणीला पाठवायचे. दुसऱ्या भागात लक्षणे विचारतात: तोंडात दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड उघडायला त्रास, छातीत गाठ, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी गेल्यावर रक्त, अंगावरून वास येणारे पाणी. यातले एक जरी ‘होय’ असेल तर गुण न पाहता लगेच दवाखाना. हे सारे मोबाईलमध्ये भरले जाते. रेंज नसेल तर नोंद मोबाईलमध्येच थांबते. आशाताई म्हणाल्या, ‘त्या टेकाडावर गेलं की समद्या एकदम जात्यात.’

जावेचा फॉर्म आमच्यासमोरच भरला. वय एकेचाळीस, गुण दोन. मिसरी रोज, गुण दोन. दारू नाही. घेर ७० सेंटिमीटर, शून्य. अंगमेहनत विचारताना आशाताईंनाच हसू आले. दिवसभर सोयाबीन कापणाऱ्या बाईला विचारायचे, आठवड्यात १५० मिनिटे व्यायाम होतो का? शून्य. घरात कुणाला मधुमेह वगैरे? नाही. बेरीज चार. चारच्या वर नाही.

आम्ही आकडेमोड करणारी माणसे, म्हणून हे मनात टोचले. हे गुण प्रामुख्याने मधुमेह आणि रक्तदाब लक्षात घेऊन लावलेले आहेत. पोट सुटलेल्या, बसून काम करणाऱ्या माणसाला ते पटकन पकडतात. हडकुळ्या शेतमजूर बाईला, जिला गर्भाशयमुखाच्या रोगाचा धोका तसाच आहे, ते मागे ठेवू शकतात. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचीच तपासणी करावी, गुण फक्त आधी कोण हे ठरवण्यासाठी, असा मूळ नियम आहे आणि तो चांगला आहे. पण जिथे एकच सिस्टर आणि शेकडो नावे, तिथे ‘आधी कोण’ यातच सगळे ठरून जाते.

दुसऱ्या भागातला पाण्याचा प्रश्न आला तेव्हा ओट्यावर जावेचे सासरे बसले होते. आम्ही परके पुरुषही तिथेच. ती ‘न्हाई’ म्हणाली. आशाताईंनी ‘नाही’वर बोट टेकवले. हे आमच्या लक्षात त्या वेळी आले नाही. रात्री आले.

दुपारी भाचीला घेऊन उपकेंद्रात गेलो. २०१८ पासून अशा उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे झाली आणि २०२३ पासून त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. पाटी नवी, रंग पिवळा, आत टेबलावर टॅब. समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून आयुर्वेदाची पदवी घेतलेली एक तरुण मुलगी होती. एका म्हाताऱ्या बाबांच्या गालाच्या आतला पांढरा चट्टा टॉर्चने पाहत होती. बाबा चाळीस वर्षे चुना-तंबाखू दाढेखाली धरणारे. तिने मोबाईलने चट्ट्याचा फोटो काढला. मग ई-संजीवनीवर दूरच्या डॉक्टरला गाठले, बाबांना पडद्यासमोर बसवले. डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले, फोटो पाहिला, तंबाखू आजपासून बंद आणि तुकडा काढून तपासायला अमुक दिवशी यायचे, असे सांगितले. वीस मिनिटांत काम झाले. एरवी बाबांना दोन गाड्या बदलून जावे लागले असते, म्हणजेच ते गेले नसते. हे पाहून बरे वाटले, ते लिहिलेच पाहिजे. यंत्र वाईट नाही.

मग आम्ही भाचीचा विषय काढला. तिने टॅबवर नाव शोधले. तोंड, स्तन, गर्भाशयमुख, तिन्हींपुढे तपासणी झाल्याची खूण होती. आम्ही भाचीकडे पाहिले. ती म्हणाली, ‘मॅडम, तुमी मला फकस्त बीपी लावलं हुतं.’

तरुण डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली. पण खोटे बोलल्या नाहीत. ‘सर, ही नोंद चुकीची आहे,’ म्हणाल्या. ‘माझ्याकडे एवढी गावं. महिनाअखेरीला वरून फोन येतो, किती राहिले. आतली तपासणी इथं होतच नाही, आडोसा नाही, लाईटचा दिवा नाही. ती केंद्रावर होते. पण रकाना रिकामा ठेवला की लाल दिसतो.’

आम्ही काय बोलणार? आमच्याही ऑफिसात मार्चअखेरीला ‘निकाली’ शेरा मारलेल्या फाईली कपाटात तशाच असतात, आणि त्यातल्या काहींवर आमची सही आहे. पण फाईल मरत नाही. आम्ही त्यांना आक्काच्या वहीतला कोरा रकाना सांगितला. कोरा रकाना निदान पाहणाऱ्याला टोचतो, ताई, म्हटले. भरलेला टोचत नाही. तुम्ही खूण केलीत त्या क्षणी ही मुलगी यादीतून नाहीशी झाली. पुढच्या पाच वर्षांत तिला कोणी बोलावणार नाही.

ती खूण उपकेंद्रातून खोडता येत नव्हती, वर कळवावे लागणार होते. त्यांनी आमच्यासमोर अर्ज लिहिला. भाचीबरोबर आणखी अकरा नावे त्यांनी स्वतःहून त्यात घातली. ते लिहिताना त्यांचा हात जरा थरथरत होता.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर बायांत दोघींचीही गर्भाशयमुखाची तपासणी कधी झालेली नव्हती. आकडा १.९ टक्के. तो आकडा बायांना घरी जाऊन विचारून काढलेला आहे, खुणा मोजून नव्हे. म्हणून आम्हाला तो खरा वाटतो.

संध्याकाळी वस्तीतल्या समाजमंदिराच्या ओट्यावर सौंनी बाया जमवल्या. आम्ही लांब लिंबाखाली बसलो. हे आमचे काम नव्हे. नंतर सौंनी सांगितले ते लिहितो. पंधरा-सोळा जणी होत्या. त्यांतल्या चौघींनी पिशवी काढलेली. एकीने पस्तिशीच्या आतच. ‘अंगावर पांढरं जातंय म्हनलं तर डाक्टर म्हनला कॅन्सर हुईल. उसाच्या फडात रोज कुठं डाक्टर? काढून टाकली, झंझट मिटली.’ शेजारच्या बीड जिल्ह्यातले हे चित्र २०१९ साली सगळ्या महाराष्ट्रासमोर आले होते. सरकारी समितीने ८२,३०९ ऊसतोड बायांची माहिती घेतली, त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. या भागातूनही टोळ्या जातात. एका मिनिटाच्या साध्या तपासणीने ‘तुला कॅन्सर नाही’ एवढे जिला सांगता आले असते, तिने कर्ज काढून ऑपरेशन केले.

सौंनी त्यांना सांगितले की हा रोग एका विषाणूमुळे होतो. तो विषाणू संसारी बायांत सर्रास येतो आणि बहुतेकींच्या अंगातून आपोआप जातो. ज्यांच्यात राहतो त्यांनाही कर्करोग व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षे लागतात. त्यात कुणाच्या चालचलणुकीचा प्रश्न नाही. मधल्या वर्षांत डाग दिसला तर तिथेच जाळून टाकता येतो, भूलही लागत नाही. हे ऐकून एक म्हातारी म्हणाली, ‘मंग पंधरा वर्सं आमाला कुनी सांगितलं का न्हाई?’

आणखी एक अडचण त्यांनी सांगितली, ती आमच्या डोक्यात कधीच आली नसती. आरोग्याचा चौदा आकडी आभा क्रमांक काढताना आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. बाईचा आधार नवऱ्याच्या मोबाईलला जोडलेला, नवरा पुण्यात कामाला. तो शिफ्टवर असला की फोन उचलत नाही. आणि पुढे तपासणीचा निरोपही त्याच मोबाईलवर गेला तर? एक बाई म्हणाली, ‘त्यो वाचंल, घरी सांगंल, मंग मला कळंल.’ बाईच्या शरीराची बातमी अशी पुण्याला जाऊन परत येणार.

रात्री जेवणे झाल्यावर जाऊ सौंना मागच्या दाराशी घेऊन गेली. वर्षभर अंगावरून वास येणारे पाणी जात होते. दुपारी सासऱ्यांपुढे कसे सांगणार, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळी-पिवळीने प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. भाची, जाऊ, सौ. आणि वस्तीतल्या आणखी सहा जणी. सहा जणींनी दिवसाची मजुरी सोडली. केंद्रात पडदा होता, टेबल होते, चांगला दिवा होता आणि शिकलेल्या सिस्टर होत्या. सौ. आत थांबल्या, पुरुषांना बाहेरच्या बाकावर बसवले. तपासणी अशी: पाळणाघरातल्यासारखे काही नाही, सुई नाही, रक्त नाही. आतला भाग उघडा करून व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल कापसाने लावायचे, एक मिनिट थांबायचे, आणि दिव्याच्या उजेडात पाहायचे. बिघडलेल्या पेशी असतील तर तिथे पांढरा डाग उमटतो. निकाल तिथल्या तिथे. विषाणूची चाचणी याहून चांगली, हे याच जिल्ह्याने सिद्ध केले आहे, पण ती या केंद्रात नव्हती. विचारले तर सिस्टर नुसत्या हसल्या.

भाची बाहेर आली. पदर सावरत आमच्याशेजारी बाकावर बसली. ‘न्हाई काय, मामा,’ म्हणाली, आणि मग आक्काचे नाव काढून बराच वेळ रडली. आम्ही तिला रडू दिले.

जावेला डाग निघाला. डाग म्हणजे कर्करोग नव्हे, हे सिस्टरने तिला तीनदा सांगितले. मोठा होता, म्हणून पुढची तपासणी बार्शीला. जाऊ एकच वाक्य म्हणाली, ‘दिवाळी झाली की आमी तोडीला जातोय, उचल घेतलीय.’ म्हणजे उसाच्या टोळीबरोबर चार-पाच महिने गावाबाहेर. मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे फेडल्याशिवाय सुटका नाही.

सिस्टरने मोबाईलवर नोंद केली. पॉझिटिव्ह, पुढे पाठविले. आमची नजर सवयीने पुढच्या रकान्यावर गेली. मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक साधी, शाळकरी पोरांची असते तशी शंभर पानी वही काढली. त्यात आधीची नावे होती, काहींपुढे ‘बार्शी झाले’, ‘जाळले’, ‘दोनदा फोन, घरी जाणे’ असे शेरे, तारखांसह. जावेचे नाव लिहिले. नवऱ्याचा नंबर लिहिला. मग विचारले, ‘टोळी कुठल्या कारखान्याला जाते?’ कारखान्याचे नाव लिहिले. ‘मुकादमाचा नंबर आहे का?’ जावेला पाठ होता, तोही लिहिला. मग म्हणाल्या, ‘त्याआधीच उरकू. येत्या मंगळवारी माझी गाडी बार्शीला जाते, औषधं आणायला. सकाळी आठला फाट्यावर उभी राहा. नाही आलीस तर मी घरी येईन, सासऱ्यांना काय सांगायचं ते मी सांगते.’

आम्हाला त्या दिवशीच निघायचे होते, रजा संपत होती. भाचीने फाट्यापर्यंत सोडले. खवा घ्यायचा राहूनच गेला. कुर्डुवाडी गेल्यावर सौंनी त्यांच्या मोबाईलमध्ये मंगळवारी सकाळी साडेसातचा गजर लावला. त्या मंगळवारी आम्ही दादर स्टेशनच्या गर्दीत होतो. साडेनऊला भाचीचा फोन आला: जाऊ गाडीत बसली, सोबत सासरेही गेलेत, टिफिन घेऊन.